न बदललेल्या पार्टचे पैसे

मालक : मिस्त्री, गाडीबरोबर कंपनीचं पुस्तक येतं. कितव्या किलोमीटरला काय बदलायचं, ऑइल कोणतं आणि किती, टायरात हवा किती ठेवायची, सगळं छापलेलं असतं. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनीच ते लिहिलेलं. तुम्ही इंजिन बनवलेलं नाही. तुम्ही बॉनेटजवळ कान नेता, डिपस्टिक हुंगता आणि सांगता, 'टॅपेट वाजतंय.' त्याच आवाजाला पुढच्या चौकातला मिस्त्री 'चेन' म्हणतो आणि त्याच्या पलीकडचा 'काही नाही, चालू द्या' म्हणतो. मग मी पुस्तक सोडून तुमचं का ऐकू?

मिस्त्री : पुस्तक सोडा असं मी कधी म्हणालो जी? माझं गाऱ्हाणं उलटं आहे. ते कोणी उघडतच नाही. गाडी विकायची वेळ येते तेव्हाही ते पिशवीतच असतं. पण वाचायचं तर पूर्ण वाचा, सर. पहिल्या तक्त्यात साधारण असं लिहिलेलं असतं : दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. तुम्ही लोक 'किंवा'च्या आधीचं तेवढं लक्षात ठेवता. 'वर्षात चारच हजार चालली, आत्ता कशाला ऑइल?' अहो, उभ्या गाडीचंही ऑइल म्हातारं होतं. आणि बहुतेक पुस्तकांत त्या तक्त्याखाली दुसरा तक्ता असतो. धूळ, चिखल, ओझं, घाट आणि जवळच्या जवळच्या फेऱ्या यांच्यासाठी. त्यातल्या मुदती कमी असतात. आता आपल्या बालाघाटकडे बघा. भरवेली, उकव्याकडे मँगनीजच्या ट्रकांची धूळ. रोवणीच्या दिवसांत शेतरस्त्याचा चिखल. बैहरला जायचं तर घाट. आणि उरलेले दिवस गाडी घर ते शाळा, शाळा ते घर. दोन किलोमीटरमध्ये इंजिन धड तापत नाही. ऑइलमध्ये उतरलेला ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायला ते चांगलं तापावं लागतं. ते तापायच्या आत तुम्ही किल्ली काढता. म्हणजे तुमची गाडी दुसऱ्या तक्त्यातली. पण हे पुस्तकाला कुठून कळणार?

मालक : बोललात चांगलं, पण सोयीचं बोललात. रस्ता तुम्हाला कळतो, हे मान्य. इंजिन कळतं का? गेल्या वर्षी एका गॅरेजात माझ्या गाडीत वीस-पन्नासचं घट्ट ऑइल ओतलं. पुस्तकात शून्य-वीस छापलंय. विचारलं तर म्हणाला, 'आपल्याकडचा उन्हाळा बघा, पातळ ऑइल टिकतं का?' याला अनुभव म्हणायचं की अडाणीपणा?

मिस्त्री : अडाणीपणाच. पण तो कुठून आला ते सांगतो. आमच्या पिढीचा हात अँबेसेडर, पद्मिनी आणि जीपवर बसला. त्या इंजिनात फटी मोठ्या, त्यांना घट्ट ऑइलच मानवायचं. नव्या इंजिनात बेअरिंगच्या फटी बारीक. शिवाय ऑइल आता नुसतं वंगण राहिलेलं नाही. त्याच्या दाबावर टायमिंग चेनचा ताण राहतो, काही गाड्यांत तर व्हॉल्व्ह कधी उघडायचे तेही त्याच दाबावर मागेपुढे होतं. ग्रेडमधल्या 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंड इंजिनातला, नंतरचा तापलेल्या इंजिनातला. घट्ट ऑइल सकाळी वर पोचायला वेळ लावतं आणि झीज नेमकी तेव्हाच होते. तेव्हा ऑइलचा ग्रेड पुस्तकातलाच, त्यात माझं किंवा कोणाचंच मत विचारू नका. आमच्या धंद्यातली एक गोष्ट मात्र ऐकून ठेवा, पुस्तकात मिळणार नाही. झिजलेली, निळा धूर टाकणारी गाडी विकायची असली की काही जण मुद्दाम घट्ट ऑइल घालतात. धूर दबतो. म्हणून जुनी गाडी बघायला गेलात तर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा पिऊन परत या. दुसऱ्या दिवशी न सांगता जा आणि थंड इंजिन स्वतः सुरू करा.

मालक : हे मात्र वहीत लिहून घेतो. पण बघा, तुम्हीच कबूल केलंत की ऑइलमध्ये मत चालत नाही. मग बाकीच्यात का चालावं? एप्रिल २०१३ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांत ओबीडी-दोन आलं, २०२० पासून बीएस-सहा. गाडी स्वतःच सांगते आपलं काय दुखतंय. स्कॅनर लावला की कोड येतो. कोडमध्ये तीन मिस्त्रींची तीन मतं नसतात. माझ्या ओळखीच्या एकाची गाडी सुरू होईना. इथल्याच एका उस्तादाने आवाजावरून ठरवलं, पेट्रोलचा पंप गेला. नवा पंप बसवला. गाडी तशीच. शेवटी निघालं काय, तर रिले. शंभर-दोनशे रुपयांची डबी. हे कानाचं कौतुक!

मिस्त्री : त्या उस्तादाने पंपाला वीज पोचते का ते आधी बघायला हवं होतं. त्याला स्कॅनर लागत नाही, टेस्ट लॅम्प पुरतो. तो आळस झाला, त्याला कानाचा अनुभव म्हणू नका. पण तुमच्या गोष्टीला माझी एक गोष्ट. वारासिवनीची एक गाडी. डॅशबोर्डवर पिवळा दिवा. मालक मोठ्या शहरातल्या सेंटरला घेऊन गेले. स्कॅनरने सांगितलं, हवा जास्त, पेट्रोल कमी. त्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदलला. दिवा विझला, आठवड्याने परत लागला. माझ्याकडे आली तेव्हा मी हवेचा रबरी पाइप काढला, एअर फिल्टरकडून थ्रॉटलकडे जातो तो. वरून अगदी धड. उलटा करून, घड्या ताणून उजेडात धरला, तर खालच्या एका घडीत नखाएवढी चीर. उंदराने कुरतडल्याची खूणही शेजारीच. आता या गाडीत आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर बसलाय त्या चिरेच्या आधी. चिरेतून शिरणारी हवा मोजलीच जात नाही. कॉम्प्युटर मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल देतो, ते कमी पडतं आणि सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर प्रामाणिकपणे कळवतो की ऑक्सिजन जास्त आहे. खरं बोलला म्हणून त्याचीच बदली झाली. कोड एवढंच सांगतो की कुठलं माप बिघडलं. कुठला पार्ट बिघडला ते शोधायचं काम कोड आल्यावर सुरू होतं.

मालक : पण कोड नसता तर तुम्ही तरी पाइप उलटा केला असता का?

मिस्त्री : नसता केला. स्कॅनर माझ्याकडेही आहे, सर. साधा, इंजिनचे कोड वाचणारा. एअरबॅगचा दिवा लागला, नवी चावी जोडायची झाली, डिझेल गाडीत नवा इंजेक्टर बसवून त्याचा नंबर कॉम्प्युटरला शिकवायचा झाला, की माझं काम संपलं. त्याला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. ते मला मिळत नाही, आणि मिळत नाही म्हणून तुम्ही मला अडाणी म्हणता.

(लेखकाने मध्ये बोलायला नको, पण मिस्त्रीचं हे गाऱ्हाणं एकट्याचं नाही म्हणून बोलतो. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना सहज मिळू न देणं, बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल अशी अट ठेवणं, हे आरोप होते. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल काढलं. चांगलं झालं. पण माझं मत असं, की कुलूप उघडण्याचा हुकूम आणि किल्ली हातात पडणं यांच्यामधलं अंतर दिल्ली-बालाघाटपेक्षा मोठं आहे.)

मालक : मग बालाघाटच्या माणसाने नागपूरला जावं. १९५६ पर्यंत आपली राजधानीच ती होती. दवाखान्याला आपण अजून तिकडेच जातो, गाडीलाही जाऊ. तुमचं काय, तुमचा कान जुन्या गाड्यांपुरताच उरणार.

मिस्त्री : जुन्या गाड्यांना कमी लेखू नका. मुक्की गेटला जा. कान्ह्यात पर्यटकांना फिरवणाऱ्या जिप्सी बघा. १९८५ मध्ये आलेली गाडी, कंपनीने बनवणं थांबवूनही वर्षं झाली. तरी जंगलात पळतात. कोणाच्या जिवावर? १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत जंगलाचा कोअर भाग बंद. तीन महिने पावसात उभी राहिलेली गाडी सप्टेंबरअखेर बाहेर काढा, मग कळतं देखभाल कशाला म्हणतात. बॅटरी मेलेली. हँडब्रेक ओढून ठेवलेला, म्हणून ब्रेक शू ड्रमला गंजून चिकटलेले, चाक हलत नाही. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं बाळंतपण. टायर एका बाजूने चपटे. म्हणून जूनअखेर एवढं करा : बॅटरीची मायनसची तार काढा. हँडब्रेक सोडून गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना विटा लावा. टायरात हवा थोडी जास्त भरा. आणि टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या टाकीत हवा राहते, हवेतला ओलावा पाणी होऊन उतरतो, आणि आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ते पाणी ओढून घेतं. टाकीतलं पेट्रोल सोडलं तर यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

मालक : जिप्सीचं प्रेम कळलं. पण मला शंका येते, ती तुम्हाला चांगली वाटते कारण ती तुम्हाला समजते. तिच्यात एअरबॅग नाही. बायको-पोरांना घेऊन घाटात जाताना मला उघडून बघता येणारी गाडी नको, ठोकली तर जीव वाचवणारी हवी. दुरुस्तीला सोपी म्हणजे चांगली, हा मिस्त्रीचा न्याय झाला. प्रवाशाचा न्याय वेगळा असतो.

मिस्त्री : (थोडं थांबून) हे बरोबर बोललात. याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणतो की एअरबॅग ठोकल्यानंतर उघडते. ठोकायच्या आधीचं काम ब्रेकचं आणि टायरचं, आणि तिथे नव्या गाडीचे मालक सगळ्यात बेफिकीर. बैहरच्या घाटातून न्यूट्रलमध्ये उतरणारे मी रोज बघतो, पेट्रोल वाचवतात म्हणे. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून पाय उचलला तर उतारावर पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. वाचत काहीच नाही, आणि सगळा भार ब्रेकवर. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. जुनं, पाणी शोषलेलं ब्रेक ऑइल तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, ऑइल दबत नाही. पेडल भुसभुशीत होऊन खाली जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं आणि ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं.

मालक : ब्रेक ऑइल मी आजवर एकदाही बदललेलं नाही.

मिस्त्री : मला माहीत आहे. डब्बीत बघितलं, चहासारखं झालंय. आणखी एक, पावसाळा आहे म्हणून. रपट्यावरून पाणी वाहत असलं तर थांबा, हे सगळेच सांगतात. पण समजा गेलात आणि पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनने पाणी ओढलं असेल तर सिलिंडरात ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बंद पडली तेव्हा नुकसान दोन-चार हजारांचं असतं. 'एकदा मारून बघू' म्हटलं की अख्खं इंजिन खोलायची वेळ येते. ढकलून बाहेर काढा, मला फोन करा.

मालक : आणि बीएस-सहाचं डिझेल? आमच्या शाळेतल्या एकाने हौसेने घेतलं. दर महिन्याला दिवा.

मिस्त्री : रोज किती चालवतात?

मालक : शहरातल्या शहरात. चार-पाच किलोमीटर.

मिस्त्री : मग दुरुस्ती गाडीची नाही. त्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी साचली की गाडी जास्तीचं डिझेल देऊन तो तापवते आणि काजळी जाळते. त्याला एका वेगाने मोकळा रस्ता लागतो, वीस-पंचवीस मिनिटं. यांनी तेवढ्यात घर गाठलेलं असतं. जाळण्याचं काम अर्धवट राहतं आणि ते जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. त्यांना सांगा, डिपस्टिक काढून बघा. ऑइल कमी झालं म्हणून सगळे घाबरतात. यांचं वाढलेलं असेल, आणि ते जास्त वाईट. आठवड्यातून एकदा गोंदियाला जाऊन या म्हणावं. नाहीतर ती विकून पेट्रोल घ्या.

मालक : हे सेंटरने त्यांना सांगितलं नाही.

मिस्त्री : सांगून त्यांना काय मिळणार होतं?

मालक : आता तुम्हीच मुद्द्यावर आलात. इतका वेळ मी पुस्तक आणि कान असं भांडत होतो, पण भांडण ते नाहीच. सल्ला देणारा आणि पार्ट विकणारा माणूस एकच आहे, दुखणं हे आहे. डॉक्टर निदान 'तुम्हाला काही झालेलं नाही' एवढं सांगायचीही फी घेतो. मिस्त्रीला 'काही झालेलं नाही' म्हणायचं तर स्वतःच्या खिशातून म्हणावं लागतं. नागपूरचा सर्व्हिस ॲडव्हायझर टाय लावून इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन अशी यादी वाचतो. इथे टाय नाही, इतकाच फरक.

मिस्त्री : यादी त्याच्या टार्गेटमधून येते. टार्गेट माझ्याही घरी आहे, मुलीची फी भरायची असते. तो रबरी पाइप शोधायला माझी अर्धी सकाळ गेली. पाइपची किंमत काही शे रुपये. बिलात मी काय लिहू? 'शोधण्याचे हजार' लिहिले तर तुम्ही म्हणाल, लुटलं. तेच मी सेन्सर बदलून सहा हजार घेतले असते तर तुम्ही खुशीने दिले असते, कारण हातात कंपनीचा नवा डबा दिसला असता. तुम्ही लोखंडाचे पैसे देता, डोक्याचे देत नाही. मग मिस्त्री डोकं बाजूला ठेवून लोखंड विकायला बसतो.

मालक : तर मग बोर्ड लावा. 'गाडी तपासणी, इतके रुपये.' मी देईन. पण माझ्याही अटी. काय बघितलं ते कागदावर लिहून द्यायचं. न विचारता एक नटही खोलायचा नाही. बदललेला जुना पार्ट डिकीत ठेवायचा. निदान चुकलं तर फी परत.

मिस्त्री : पहिल्या तीन अटी मान्य, त्या मागायला तुम्ही इतकी वर्षं का थांबलात कळत नाही. चौथी अवघड आहे. झाकलेल्या इंजिनात दहा वेळा बघून एकदा चूक होतेच. आणि बोर्ड लावला तर पुढे काय होईल ते ऐका. मी फी घेऊन सांगेन, 'गाडी ठीक आहे.' पलीकडचा बोर्ड लावेल, 'फ्री चेकअप.' तो चार दोष काढेल. गिऱ्हाईक कोणाला हुशार म्हणेल? दोष काढणाऱ्याला. मला म्हणेल, पैसे घेतले आणि काही सापडलं नाही.

मालक : खरं सांगू? मीही तेच म्हणेन. फी दिली आणि काही निघालं नाही तर मला वाटेल, यांनी नीट बघितलंच नाही. शिवाय फीने प्रामाणिकपणा येतो असंही नाही. मोठ्या सेंटरमध्येही तपासणीचे पैसे लावतात, आणि यादी तरीही वाचतात.

मिस्त्री : मग तुमच्याच गाडीचं घ्या. ब्रेक ऑइल आजच बदला, ते लांबवायचं नाही. पुढच्या टायरांची पट्टी अजून खुणेच्या वर आहे, पण मागचे पुढे घ्या. लोअर आर्मचे बुश वाजतात, धोका नाही, आवाज सहन होईल तोवर चालवा. क्लच ठीक. पुढचे ब्रेक पॅड वर्षभर जातील. हे बघायला तासभर गेला. किती देता?

मालक : ब्रेक ऑइलचे तर देतोच.

मिस्त्री : ते लोखंडाचे. पॅड बदलले नाहीत, त्याचे?

मालक : त्यात गोम आहे. पॅड वर्षभर टिकले तर मी म्हणेन, कंपनीचे पॅड चांगले होते. आणि सहा महिन्यांत करकरले तर तुमच्या नावाने गावभर बोंब मारेन. तुमचं बरोबर निघालं हे मला कधी कळणार?

मिस्त्री : कळणार नाही. मग बोर्ड लावू की नको?

मालक : लावा. फक्त पहिलं गिऱ्हाईक मला धरू नका.